दहाव्या खोलीचा आकडा

हिवराज कापगतेने सख्ख्या मुलीच्या यंत्राविरुद्ध तक्रार केली, तेव्हा हिरडाटोला भांडारातल्या लोकांना कँटीनमध्ये चघळायला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला निवृत्तीची धास्ती बसली. कुणी म्हणालं, पोरगी बापाच्या पुढे गेली ते बापाला सोसवेना. खोली खरोखरच तापली असेल का, हा प्रश्न मात्र एकाही शहाण्याला पडला नाही. त्या मुलीला, केतकीलाही पडला नाही, आणि ती तर त्या यंत्राची कर्ती होती.

हिरडाटोल्याचं भांडार पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइटच्या एका टेकडीखाली होतं. जमिनीखाली एकशे ऐंशी मीटरवर बारा खोल्या कोरलेल्या, आणि त्यांत अणुभट्ट्यांतून निघालेला कचरा काचेत गोठवून, पोलादी डब्यांत बंद करून ठेवलेला. असले डबे पुढची कित्येक वर्षं आपले आपण तापत राहतात. त्यांना गार ठेवायला पंखे नव्हते. खालच्या वाटेने गार हवा आत यायची, तापली की धुराड्यातून वर निघून जायची. खालच्या वाटेवर एक लोखंडी झडप असायची. झडप उघडी असली की खोली गार राहायची, अडकली की तापायची. तापलेला ग्रॅनाइट तडकतो आणि तडकलेल्या दगडातून पाणी झिरपतं. त्या डब्यांच्या आसपास पाणी पोचू नये, एवढ्याचसाठी एवढी टेकडी पोखरली होती.

खोल्यांच्या बाहेरून एक बोगदा जात होता. बोगदा आणि खोली यांच्यामध्ये दीड मीटर जाडीची भिंत, आणि प्रत्येक भिंतीत छातीच्या उंचीवर एक पोलादी बूच. हिवराज बावीस वर्षं या बोगद्यातला फेरीदार होता. रोज सकाळी तो बुचं तेलाच्या फडक्याने पुसून आरशासारखी करायचा. मग हातमोजा काढून उजवा तळहात बुचावर टेकायचा आणि मनात आकडे मोजायचा. चटका सोसेनासा होऊन हात उचलावा लागेपर्यंत जो आकडा होई, तो नोंदवहीत अधिकृत तापमानाशेजारी लिहायचा. ‘हात : वीस’ म्हणजे खोली ठीक. ही रीत नियमावलीत नव्हती. पण सुरुवातीच्या काळात विजेवरचे तापमापक किरणोत्सर्गाने एकामागून एक आंधळे होत होते, तेव्हा दोनदा झडप अडकल्याचं पहिल्यांदा कळलं ते याच रकान्यावरून.

केतकीला लहानपणापासून या रकान्याचा राग होता. बाबा घरी आले की आई त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी छातीवरच्या बिल्ल्याकडे बघायची. महिनाभरात अंगावर किती किरणं झेलली ते त्या बिल्ल्यावर कळायचं. "अजून तीन दिवस येत नाही म्हणावं साहेबाले," आई म्हणायची, आणि बाबा दुसऱ्या दिवशी जायचे. त्या बोगद्यात माणसाला पाऊलच टाकावं लागू नये, असं काहीतरी शोधून काढायचं, हे केतकीने नववीतच ठरवून टाकलं होतं. तिने ते केलंही.

तिने आणलेली वस्तू म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. पोलादी नळीत घालून तो बाराही खोल्यांतून फिरवलेला, आठ किलोमीटर लांब. त्याच्या एका टोकातून लेसरचा क्षणभराचा ठोका सोडायचा. बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो, पण वाटेत प्रत्येक ठिकाणी काचेच्या कणांना धडकून त्यातला अगदी थोडा मागे परततो. या परतलेल्या प्रकाशात मूळच्यापेक्षा वेगळ्या दोन छटा असतात. पहिली छटा काच गरम असो की गार, फारशी बदलत नाही. दुसरी मात्र काच जितकी गरम तितकी उजळ होते. दोघींचं गुणोत्तर काढलं की तापमान कळतं, आणि प्रकाश परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. म्हणजे अख्खा धागाच एक तापमापक. त्यात वीज नाही, जोड नाही, बिघडायला काही नाही.

बिघडते ती काच. किरणोत्सर्गात राहून काच हळूहळू काळवंडते, कोऱ्या चहाच्या रंगाची होते. आणि काळवंडलेली काच दोन्ही छटांना सारखी गिळत नाही, दुसऱ्या छटेला जास्त गिळते. ती मंद झाली की यंत्राला वाटतं, खोली गार झाली. हे टाळायला धागा दोन्ही टोकांनी वाचत, म्हणजे एकीकडची चूक दुसरीकडून भरून निघे. पण पाचव्या वर्षी बाराव्या खोलीजवळ दरड कोसळून परतीचं टोक तुटलं. ते जोडायला चार माणसांना दहा-दहा दिवस आत पाठवावं लागणार होतं. केतकी म्हणाली, एकही माणूस जाणार नाही.

तिने काच धुवायला सुरुवात केली. जोरदार प्रकाश बराच वेळ सोडला तर काळवंडलेली काच पुष्कळशी निवळते. दर सोमवारी धागा असा धुवायचा. आठवडाभर काळवंडून खाली घसरलेला आकडा धुतल्यावर एकदम वर उडायचा. मग तो मागच्या सोमवारच्या आकड्यावर आणून बसवायचा. हिशोब सरळ होता. धुतल्याने काच बदलते, खोली नाही, आणि एवढ्या मोठ्या दगडाला आठवड्याभरात ताप चढत नाही. या धुण्याचं आणि बसवण्याचं देशभर कौतुक झालं. आणखी सहा भांडारांनी ही पद्धत उचलली. फेऱ्या बंद झाल्या. हिवराजला महिन्यातून एकदा झडपांना वंगण घालायला आत सोडत, तेवढंच.

त्या एकदाच्या जाण्यातही त्याने हात टेकायचं सोडलं नाही.

"दहा नंबर तापून राहिली, केतू," एका रविवारी जेवताना तो म्हणाला. "मांगच्या महिन्यात चौदा मोजले. कालच्याले नऊच झाले."

"अठ्ठावन्न अंश आहे दहा नंबर. वर्षभर अठ्ठावन्नच आहे."

"मी अंश नाही म्हणून राहिलो. मी मोजले ते सांगतो."

"बाबा, तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात. कातडी पातळ होते या वयात. चटका लवकर लागतो."

"मंग नऊ नंबरले काहून नाही लागत? तिथं वीस होतात."

यावर केतकी चिडली. आपण या माणसासाठी रक्ताचं पाणी केलं आणि हाच आपल्या आलेखापुढे तळहात घेऊन उभा राहतो, हे तिला झोंबलं. तिने ताटातली भाकरी तशीच टाकली. आईने दोघांकडे बघितलं आणि वाढणं थांबवलं.

हिवराजने मग रीतसर तक्रार लिहिली. संचालक सोहोनी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तक्रार केराच्या टोपलीत टाकली नाही, एका अभियंत्याला उष्णता मोजायची बंदूक देऊन बोगद्यात पाठवलं. ती बंदूक वस्तूला न शिवता लांबून तापमान सांगते. दहाव्या बुचावर रोखल्यावर तिने तेहतीस अंश दाखवले. चकचकीत पोलादावर असली बंदूक कमीच दाखवते, हे केतकीला पाठ होतं. आणि बुचं चकचकीत कुणी ठेवली होती? बावीस वर्षं तेलाच्या फडक्याने घासणाऱ्या माणसाने. पण त्या दिवशी तिला ते आठवलं नाही. आपल्या बाजूचा आकडा आला की माणूस त्याची जात विचारत नाही.

"तुमचं लेखी मत हवं, केतकी," सोहोनी म्हणाले. "वडील आहेत, अवघड आहे. हवं तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"मीच देते," ती म्हणाली.

तिने लिहिलं की स्पर्शावरून केलेला अंदाज व्यक्तीच्या वयावर आणि मनःस्थितीवर अवलंबून असतो. संबंधित कर्मचाऱ्याच्या जाणिवा आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांना बोगद्यातल्या कामातून मोकळं करावं, नोंदवहीतला ‘हात’ हा रकाना रद्द करावा. खाली सही केली. हे लिहिताना तिच्या मनात एक चांगला विचारही होता, तो म्हणजे आता बाबांच्या छातीवर बिल्ला लागणार नाही. या चांगल्या विचारामुळेच तिचा हात अडखळला नाही.

ते मत हिवराजला वाचून दाखवण्यात आलं, कारण नियमच तसा होता. त्याने ऐकून घेतलं, बिल्ला टेबलावर ठेवला आणि घरी आला. मुलीला एका शब्दाने बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यावर विश्वास ठेवायला लागला. आंघोळीचं पाणी अंगावर घ्यायच्या आधी "शकुन, पाह्य बरं, लय गरम तं नाही?" असं बायकोला विचारायला लागला. गाय तापली आहे का ते पूर्वी अख्ख्या टोल्यात तोच कान धरून सांगायचा. शेजारची गंगूबाई बोलवायला आली तर म्हणाला, "डॉक्टरले दाखवा. माह्या हाताचं काही खरं नाही आता." शकुनने हे दोन-तीनदा केतकीच्या कानावर घातलं. केतकीने कानाडोळा केला. वय झालं की असं होतं, असं म्हणून ती कामाला लागली.

यानंतर चौदा महिने गेले.

दरवर्षी प्रत्येक खोलीच्या तोंडाशी ठेवलेल्या जास्तीच्या वेटोळ्यातून वीतभर धागा बाहेर ओढून तपासायचा नियम होता. त्या वर्षीचे बारा तुकडे केतकीच्या टेबलावर ओळीने आले. पहिल्या खोलीचा तुकडा फिकट होता. दुसऱ्याचा थोडा गडद, तिसऱ्याचा आणखी. हे बरोबरच होतं. धुण्याचा प्रकाश एक नंबरकडून आत शिरतो आणि पुढे पुढे दमत जातो, त्यामुळे लांबच्या खोल्या कमी धुतल्या जातात. नववा तुकडा पार तपकिरी होता. अकरावा आणि बारावाही तसेच.

दहावा नव्यासारखा स्वच्छ होता.

तिला पहिल्यांदा आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. धुणं इतकं लागू पडलं, असं वाटून ती हसलीसुद्धा. मग तिचं हसू तिथेच विरलं. प्रकाश नऊ नंबर ओलांडून दहाला जातो. नऊ मळकी ठेवून दहा कशी धुईल? काच निवळवणारी दुसरी एकच गोष्ट तिला ठाऊक होती. काळवंडलेली काच तापवली की निवळते.

ती खुर्चीवर बसली आणि तिने साठ सोमवार डोळ्यांपुढे आणले. आठवडाभर काच काळवंडून आकडा खाली ओढत होती आणि खोली तापून तो वर ढकलत होती. दोघींची बरोबरी होऊन आलेख सपाट दिसत होता. सोमवारी काच धुतली की आकडा वर उडायचा. त्या उडीत निवळलेली काच होती आणि आठवड्याचा खराखुरा तापही होता. आणि ती दर सोमवारी, स्वतःच्या हाताने, दोन्ही पुसून आकडा अठ्ठावन्नावर आणून ठेवत होती. दर आठवड्याला दोन-अडीच अंश, असे साठ आठवडे. खोलीच्या ज्वराची नोंद करायला बसवलेली बाई दर सोमवारी तो ज्वर खोडून टाकत होती.

तिने नवव्या खोलीचा तपकिरी तुकडा भट्टीत घातला आणि भट्टी चढवत नेली. दहाव्यासारखा निवळायला त्याला एकशे चाळीस अंश लागले. पण दहावा तुकडा खोलीच्या तोंडाशी होता, जिथे हवा जरा गार असते. तोंडाशी एकशे चाळीस, म्हणजे आत दोनशे. कदाचित दोनशे वीस. तिने कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि कागद खिशात घातला.

सकाळचे दहा वाजले होते. साडेदहाला ती सोहोनींसमोर उभी होती. अकराला दगड तडकल्याचे आवाज टिपणाऱ्या यंत्राचे जुने कागद काढले. दहा नंबरच्या छतात तीन महिन्यांपासून बारीक आवाज होत होते आणि ‘खाणकामाचे धक्के’ म्हणून बाजूला टाकले जात होते. सोहोनींचा चेहरा पडला.

"झडप आजच उघडायला हवी," ते म्हणाले. "तिची मोटर?"

"जळलीय. हातचाकानेच उघडावी लागेल."

"हातचाक कुणाला येतं?"

खोलीत चार अभियंते होते. चौघांनीही एकमेकांकडे बघितलं. धागा आल्यापासून त्यांच्यातल्या कुणाला चाक फिरवावं लागलं नव्हतं, आणि कुठलं चाक किती आटे फिरवल्यावर कुरकुरतं हे कागदावर कुठेच नव्हतं. ते येणारा माणूस त्या वेळी घरी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्याला आणायला जीप गेली.

हिवराज आला, त्याने ऐकून घेतलं. "मी म्हटलं होतं" असं तो एकदाही म्हणाला नाही. केतकी त्याची वाट बघत होती, की तो ते म्हणेल आणि आपण मान खाली घालू. त्याने फक्त नियम तोच आहे का ते विचारलं.

नियम जुना आणि साधा होता. अडकलेल्या झडपेमागे डोंगरातलं झिरपाचं पाणी साचतं. खोली दीडशे अंशांच्या आत असेल तर झडप एकदम उघडायची, पाणी वाहून जातं. दीडशेच्या वर असेल तर पाव झडप उघडायची, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा पाव. नाहीतर सगळं पाणी एकदम तापल्या खोलीत शिरतं आणि त्याची वाफ मिळेल त्या फटीतून मागे फिरते. एकदम उघडायला दहा मिनिटं लागत. पाव-पाव करायला दीड तास.

दहाव्या चाकासमोर दीड तास उभं राहायचं म्हणजे अंगावर किती किरणं येतील, ते केतकीने मनातल्या मनात काढलं. बावीस वर्षांत बाबांनी आधीच पुष्कळ झेललं होतं. शिवाय दहाव्या खोलीची भिंत आता कुठे तडकली असेल सांगता येत नव्हतं. ती नियंत्रण खोलीत बसली, कानांवर यंत्र चढवलं. खिशातला कागद तिने काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

"पोचलो," हिवराजचा आवाज आला. तो धापा टाकत होता. "लय दिवसांनी आलो. बुचं मळली इथं."

"बाबा, हात टेकून बघा. किती मोजता येतात सांगा."

हातमोजा काढल्याची खसफस ऐकू आली. मग तो म्हणाला, "टेकला."

"किती?"

"हाताचं राहू दे, केतू. तुहा आकडा सांग."

"तुम्ही आधी सांगा ना."

"तुनंच लिहून देलं ना, माह्या हाताचा भरवसा नाही म्हणून. मले बी तसंच वाटते आता. आकडा सांग. एकदम उघडू का पाव-पाव?"

सोहोनी तिच्या मागे उभे होते. त्यांनी तिचा कागद पाहिलेलाच नव्हता. तिने ‘एकशे चाळीस’ म्हटलेलं तेवढं ऐकलं होतं. दीड तास की दहा मिनिटं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो बिल्ला होता. पन्नास अंशांचा, फार तर सत्तर अंशांचा फरक आहे, तेवढं पाणी साचलंही नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. खोटं बोलताना माणूस पहिल्यांदा स्वतःलाच पटवतो, आणि ती हुशार असल्यामुळे तिला लगेच पटलं.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "एकदम उघडा आणि लगेच निघा."

"एकशे चाळीसच ना?"

"हो."

"बरं."

चाकाचा करकर आवाज आला. तो मोजून फिरवत होता, "एक, दोन, तीन," असं पुटपुटत. सातव्या आट्याला झडप सुटली. मग कानांवरच्या यंत्रात फक्त फुसकारा ऐकू आला, कुकरची शिट्टी उडावी तसा, आणि तो थांबेचना. केतकीने "बाबा, बाबा" म्हणून किती हाका मारल्या ते तिला नंतर आठवलं नाही.

त्याला बाहेर काढायला अकरा मिनिटं लागली. चेहऱ्याची एक बाजू आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. चाकावरची पकड त्याने सोडली नव्हती. सोडली असती तर झडप परत पडली असती, आणि त्याने ती पूर्ण उघडूनच सोडली. दहावी खोली त्या संध्याकाळपासून निवायला लागली. भांडार वाचलं. टेकडीखालच्या सात गावांना काही कळलंसुद्धा नाही.

नागपूरच्या रुग्णालयात बावीस दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, हातही राहतील. तळव्यांना मात्र गरम-गार पुन्हा कळणार नाही.

तेविसाव्या दिवशी सोहोनी केतकीला चौकशीचा अहवाल दाखवायला घेऊन आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने तो वाचला. त्यात लिहिलं होतं की धाग्याच्या यंत्रणेने दहाव्या खोलीतला बिघाड वेळीच शोधून काढला. फेरीदाराने बुचावरील उष्णतेचा अंदाज घेण्यात चूक केल्यामुळे झडप नियमाविरुद्ध एकदम उघडली गेली आणि तो स्वतः जखमी झाला. धोका पत्करल्याबद्दल त्याचा सत्कार व्हावा, अशी शिफारसही होती.

"तुमचं नाव कुठेच येत नाही," सोहोनी म्हणाले. ते थकले होते आणि त्यांना खरंच तिचं भलं करायचं होतं. "सहा भांडारं तुमची पद्धत वापरतात. धुण्याच्या पद्धतीतली दुरुस्ती आपण हळूच कळवू, सुधारित आवृत्ती म्हणून. वडिलांनाही काही तोटा नाही यात. त्यांचा सत्कारच होतोय."

"सहांपैकी किती ठिकाणी आत्ता खोली तापत असेल, माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणून तर म्हणतो, लवकर सही करा. पुढचं पटकन मार्गी लावू."

केतकीने पेन घेतलं. सहीच्या जागी तिने लिहिलं, ‘पहिल्या वेळी फेरीदाराचा अंदाज बरोबर होता, दुसऱ्या वेळी तो विचारातच घेतला नाही. चौदा महिन्यांपूर्वीचा चुकीचा अभिप्राय माझा. झडप उघडताना खोली दोनशे अंशांच्या घरात आहे हे मला माहीत होतं. एकशे चाळीस हा आकडा मी सांगितला. धुवून आकडा बसवण्याची पद्धत ताबडतोब सगळीकडे बंद करावी.’ मग सही केली. तिथेच बसून तिने त्या पानाचा फोटो सहाही भांडारांना पाठवला, आणि प्रत्येक खोलीचा तुकडा काढून बघा, असं खाली लिहिलं. सोहोनी शेजारी बसून बघत राहिले. त्यांनी तिला थांबवलं नाही, पण उठून जाताना निरोपही घेतला नाही. संध्याकाळपर्यंत दोन भांडारांकडून उत्तरं आली. त्यांच्याकडेही एकेका खोलीचा तुकडा स्वच्छ निघाला होता.

ती कागद घेऊन आत गेली. हिवराज उशीला टेकून बसला होता. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले. शकुन त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही हात टेकला होता. किती मोजले होते?"

"दोन," तो म्हणाला. "दोन बी पुरे नाही झाले."

"मग बोलला का नाही?"

"तू आकडा सांगितला ना. मले वाटलं, माहाच हात चुकला असन. चुकतेच तो."

केतकीने कागद वाचून दाखवला. सगळा, एकही शब्द न गाळता. तुम्हाला दीड तास आत उभं राहावं लागू नये म्हणून मी कमी आकडा सांगितला, हेही ती बोलली. शकुनच्या हातातला चमचा वाटीत पडला. ती मुलीकडे अशी बघत राहिली, जणू कुणी अनोळखी बाई खोलीत आली होती.

हिवराजने मांडीवरचे हात उचलून पट्ट्यांकडे बघितलं.

"म्हणजे हात बरोबर होता," तो म्हणाला.

"हो."

"तवा बी अन् आता बी."

"हो, बाबा."

"चौदा महिने मी आंघोळीचं पाणी हिले इचारून अंगावर घेतलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होता. "गंगूची गाय तापानं मेली. मी गेलो नाही पाह्याले." मग त्याने डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. "तुले माही काळजी होती, ते समजते मले. पण तुनं मले एकदा बी खरं सांगितलं नाही, बाई."

केतकी काहीतरी बोलायला गेली. त्याने मान भिंतीकडे वळवली.

"शकुन," तो म्हणाला, "हिले घरी पाठव."